नाबोथाचा नकार आणि नियमगिरीचा डोंगर

शास्त्रवाचन: १ राजे २१:१–२०, अनुवाद २:४–९, यहेज्केल ३४:१७–१९



नाबोथाची गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांनी संडे स्कूलमध्येच ऐकली आहे. दुष्ट राजा, त्याहून दुष्ट राणी, बिचारा नाबोथ आणि शेवटी रक्त चाटणारी कुत्री, एवढे लक्षात राहते. पण हा अध्याय पुन्हा एकदा सावकाश वाचा आणि या वेळी अहाबाच्या पहिल्या बोलण्यापाशी थांबा. अहाब मळा हिसकावून घेत नाही. तो रीतसर सौदा मांडतो. तुझा द्राक्षमळा माझ्या वाड्याला लागून आहे, मला तिथे भाजीपाला लावायचा आहे. त्याच्या बदली याहून चांगला मळा घे, नाहीतर रोख किंमत घे. आजच्या सरकारी भाषेत सांगायचे तर पुनर्वसन किंवा मोबदला, दोन्हींपैकी हवे ते. व्यवहार म्हणून पाहिले तर यात खोट काढायला जागा नाही.

नाबोथ नाही म्हणतो. भाव कमी आहे अशी त्याची तक्रार नाही. हे वाडवडिलांचे वतन आहे, ते देऊन टाकणे परमेश्वरासमोर मला शक्य नाही, एवढेच तो सांगतो. ज्याने लेवीय २५:२३ वाचले आहे त्याला यामागचा नियम लगेच कळेल. जमीन परमेश्वराची, आपण तिच्यावर उपरे आणि पाहुणे, म्हणून ती कायमची विकायची नाही. अहाबाला ही भाषाच समजत नाही. तो घरी जाऊन तोंड फिरवून पलंगावर पडून राहतो, जेवत नाही. ज्याला आजवर प्रत्येक गोष्टीची किंमत मोजता आली, त्याला विकाऊ नसलेली वस्तू कदाचित पहिल्यांदाच भेटली असावी.

पुढचे काम ईजबेल करते आणि ते सगळे कागदावर करते. पत्रे राजाच्या नावाने, मोहर राजाची, सभा गावच्या वडीलमंडळींची. नियमशास्त्राला दोन साक्षीदार लागतात म्हणून साक्षीदारही दोन. वर उपासाची घोषणा, म्हणजे धर्मही सोडला नाही. नाबोथाचा खून कायदेशीर दिसावा याची इतकी काळजी घेतलेली आहे की इज्रेलातल्या एखाद्या साध्या माणसाला त्या दिवशी काही वावगे घडले असे वाटलेही नसेल.

मोठ्या कंपन्यांमुळे निसर्गाची जी हानी होते तिच्यावर अभ्यासपाठ लिहा, असे संपादक मंडळाने सुचवले तेव्हा मला हाच अध्याय आठवला. आपल्याला धुराडी दिसतात, ओढ्यात मेलेले मासे दिसतात. पण हानी त्याच्या कितीतरी आधी, कुठल्यातरी कार्यालयात, अर्जाच्या रकान्यात सुरू झालेली असते. हे नीट दाखवणारे उदाहरण ओडिशातल्या नियमगिरीचे आहे. ते जुने झाले असे काहीजण म्हणतील. मला ते जुने वाटत नाही, आणि का ते पुढे येईलच.

नियमगिरी ही डोंगररांग रायगडा आणि कालाहांडी या दोन जिल्ह्यांत पसरलेली आहे. (हे रायगडा आपल्या रायगडापासून शेकडो किलोमीटर दूर, आंध्रच्या सीमेजवळ आहे.) तिथे डोंगरिया कोंध राहतात. नावातला डोंगर तोच, जो आपल्या बोलीत आहे. लोकसंख्या जेमतेम आठ-नऊ हजार. आपल्याकडे कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड ज्या यादीत येतात, त्याच अतिअसुरक्षित आदिवासी समूहांच्या यादीत तेही आहेत. उतारावर नाचणी, हळद, आले; मधूनमधून अननस, फणस, संत्री; आणि आठवड्याला पायथ्याच्या बाजारात उतरून विक्री. डोंगरमाथा नियमराजाचा, म्हणून तिथली झाडे तोडायची नाहीत, हा त्यांचा जुना दंडक. ते स्वतःला झरनिया म्हणवतात, म्हणजे झऱ्यांचे राखणदार. उत्पत्ती २:१५ मध्ये आदामाला दिलेली दोन कामे मशागत आणि राखण ही आहेत. त्यांतले दुसरे काम या लोकांनी आपल्या नावातच घेतले आहे.

आता त्या माथ्यावर काय आहे ते समजून घेऊ, कारण सारा प्रश्न तिथेच आहे. कोकणातल्या वाचकांना हे सांगणे सोपे जाईल. तुमच्या सड्यावर जसा जांभा असतो तसाच थर या डोंगरांच्या सपाट माथ्यावर आहे, आणि त्यात बॉक्साईट आहे. बॉक्साईटपासून अ‍ॅल्युमिनियम होते. (कोल्हापूर जिल्ह्यात राधानगरी, शाहूवाडीच्या सड्यांवरही ते सापडते आणि तिथे खाणी झाल्या आहेत.) हा थर सच्छिद्र असतो. पावसाळ्यात तो पाणी पितो आणि उन्हाळाभर ते हळूहळू कडेच्या झऱ्यांतून सोडत राहतो. वंशधारा नदी याच डोंगरांत उगम पावते, नागावलीला मिळणारे कितीतरी ओढे इथूनच निघतात. अडचण अशी की बॉक्साईट काढायचे म्हणजे नेमका हाच थर खरवडून न्यायचा. स्पंज काढून घेतल्यावर खालची जमीन पाणी कशात साठवणार? झाडे पुन्हा लावता येतात, कंपन्या तसे वचनही देतात. पण लाखो वर्षांत तयार झालेला माथा परत बसवता येत नाही.

दुसरी हानी कारखान्यात होते. बॉक्साईट दळून कॉस्टिक सोड्यात, दाबाखाली तापवले की त्यातून अ‍ॅल्युमिना वेगळा होतो आणि मागे लाल चिखल उरतो. एक टन अ‍ॅल्युमिनामागे साधारण एक ते दीड टन. हा चिखल कातडी भाजेल इतका खारा असतो आणि त्याचे करायचे काय हे जगात अजून कुणाला नीट जमलेले नाही. तो मोठमोठ्या तळ्यांत साठवून ठेवतात. ऑक्टोबर २०१० मध्ये हंगेरीत आयका गावाजवळ अशा तळ्याचा बांध फुटला आणि दहा माणसे मेली. यहेज्केल ३४:१८ मधली तक्रार इथे उघडून वाचा. तिथे बळकट मेंढरांना विचारले आहे की तुम्ही चांगला चारा खाल्ला, स्वच्छ पाणी प्यालात, एवढ्यावर भागले नाही म्हणून उरलेले पाणी पायांनी गढूळ का केले? दुर्बळ मेंढरांच्या वाट्याला तेच गढूळ पाणी येते.

नियमगिरीच्या पायथ्याशी लांजीगढ येथे वेदांता या, त्या वेळी लंडनच्या शेअर बाजारात नोंद असलेल्या, कंपनीने वर्षाला १० लाख टन अ‍ॅल्युमिना काढणारा कारखाना उभारला. आता कागदांकडे लक्ष द्या. पर्यावरण परवान्यासाठी २००३ मध्ये केलेल्या अर्जात या कामाला वनजमीन लागत नाही असे लिहिले होते. पुढच्या वर्षी त्याच प्रकल्पासाठी सुमारे ५९ हेक्टर वनजमीन मागणारा वेगळा अर्ज झाला. पर्यावरण परवाना सप्टेंबर २००४ मध्ये मिळाला, तो कारखान्याचा. डोंगरावरच्या खाणीची परवानगी त्या वेळी हातात नव्हतीच. कारखाना आधी, कच्चा माल कुठून आणायचा ते नंतर. एकदा एवढा पैसा गुंतला की खाणीला नाही म्हणणे सरकारला जड जाते. माझ्या मते सगळ्या प्रकरणातली ही सर्वात हुशार खेळी होती. कारखान्याचे उत्पादन १० लाख टनांवरून ६० लाख टनांवर नेण्याचा बेतही होता. सक्सेना समितीने २०१० मध्ये सरकारला अहवाल दिला तेव्हा आणखी एक गोष्ट उघड झाली. गावाची २६ हेक्टरांहून जास्त वनजमीन कंपनीने कारखान्याच्या कुंपणात घेऊन टाकली होती.

अहाबाने देऊ केलेला मोबदलाही इथे होता. ऑगस्ट २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणीची वाट मोकळी केली, तेव्हा अशी अट घातली की लांजीगढ प्रकल्पाच्या नफ्याचे ५ टक्के किंवा वर्षाला १० कोटी रुपये, यांत जे जास्त असेल ते स्थानिक विकासाला द्यावे. दहा कोटी म्हणजे थोडे नव्हेत. त्या भागातली गरिबी ज्यांनी पाहिली आहे ते हा आकडा हसण्यावारी नेणार नाहीत. रस्ता, दवाखाना, शाळा यांची गरज तिथे खरी आहे. पण डोंगरिया कोंधांना हा सौदा हवा आहे का, हे तोवर कोणी त्यांच्या अंगणात जाऊन विचारले नव्हते.

ते विचारण्याचा दिवस यायला आणखी पाच वर्षे लागली. मधल्या काळात समितीच्या अहवालानंतर पर्यावरण मंत्रालयाने २४ ऑगस्ट २०१० रोजी खाणीला वनपरवानगी नाकारली, प्रकरण पुन्हा न्यायालयात गेले, आणि १८ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की वनहक्क कायद्याप्रमाणे, आणि लोकांचे धार्मिक हक्क लक्षात घेऊन, हा प्रश्न तिथल्या ग्रामसभांपुढे ठेवावा. राज्य सरकारने शंभराहून अधिक वस्त्यांतून फक्त बारा गावे निवडली, सात रायगडाची आणि पाच कालाहांडीची. एवढी थोडी का, म्हणून लोकांनी हरकत घेतली, ती रास्तच होती. काही गावे इतकी लहान की मतदार शंभरही भरत नाहीत. जुलै आणि ऑगस्ट २०१३ मध्ये एकामागून एक बारा सभा झाल्या. प्रत्येक सभेला जिल्हा न्यायाधीश दर्जाचा अधिकारी निरीक्षक म्हणून जंगलवाट तुडवत हजर होता. म्हाताऱ्या बाया उठून बोलल्या, तरुण बोलले. शेवटची सभा १९ ऑगस्टला जरपा गावात झाली. बाराच्या बारा गावांनी नाही म्हटले. जानेवारी २०१४ मध्ये केंद्राने खाण नामंजूर केली.

गटात हा पाठ घेणाऱ्यांनी इथे थांबून एक प्रश्न विचारावा: इज्रेलातल्या वडीलमंडळींच्या जागी तो निरीक्षक न्यायाधीश असता तर नाबोथाचे काय झाले असते? पत्र तेच, मोहर तीच. फरक एवढाच की सभा खरी असती.

आता एक शंका, जी मला प्रत्येक वेळी विचारली जाते, आणि ती चुकवून पुढे जाणे बरे नाही. डोंगरिया कोंध तर डोंगराला देव मानतात. पवित्र शास्त्रात उच्च स्थाने पाडा असे सांगितले आहे. मग ख्रिस्ती माणसाने नियमराजाच्या बाजूने उभे राहायचे काय? उत्तर अनुवादाच्या दुसऱ्या अध्यायात आहे. इस्राएल लोक अरण्यातून चाललेले आहेत आणि वाटेत एसावाचे वंशज, मग मवाबी, मग अम्मोनी यांचे मुलूख लागतात. मवाबी लोक कमोशाची पूजा करणारे. तरी परमेश्वर बजावतो की यांच्याशी लढाई काढू नका. हा मुलूख मी त्यांना वतन म्हणून दिलेला आहे, त्यातली पाऊलभर जागाही तुम्हाला मिळणार नाही. एवढेच नाही, अन्न आणि पाणीसुद्धा पैसे मोजून घ्या, असे सहाव्या वचनात आहे. म्हणजे दुसऱ्या दैवताला भजणाऱ्यांच्या जमिनीचाही वतनदाता परमेश्वरच आहे आणि तिच्या हद्दी तोच राखतो. योशीयाने उच्च स्थाने पाडली ती आपल्याच लोकांची उपासना शुद्ध करायला. त्या दाखल्यावर कुणाला सुरुंग लावण्याचा परवाना मिळत नाही. आपण डोंगराला देव म्हणत नाही, ती परमेश्वराच्या हातची रचना आहे असे म्हणतो. मग ती राखण्यात आपण त्यांच्यापेक्षा मागे का असावे?

पुन्हा इज्रेलाच्या मळ्यात येऊ. एलीयाला परमेश्वर कोणाकडे पाठवतो? पत्रे ईजबेलेने लिहिली, धोंडे गावकऱ्यांनी मारले, खोटी साक्ष त्या दोघांनी दिली. अहाबाने यातले काहीच केले नाही. पत्रांत काय होते हे त्याला ठाऊक होते की नाही, तेही शास्त्रात लिहिलेले नाही. तो फक्त ताबा घ्यायला खाली मळ्यात उतरला. एलीया नेमका तिथे त्याच्यापुढे उभा राहतो आणि खून व वतन दोन्ही त्याच्या नावावर मांडतो. ज्याला फायदा पोहोचला त्याला आधी जाब विचारला गेला. ईजबेलेचा हिशोब नंतर येतो.

हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण नियमगिरीच्या फायद्यात मंडळीचाही वाटा होता. चर्च ऑफ इंग्लंडकडे वेदांताचे सुमारे ३८ लाख पौंडांचे शेअर होते. पाळकांचे पेन्शन, मंडळ्यांचा खर्च ज्या निधीतून चालतो त्यातलाच तो पैसा. दर रविवारी सृष्टीबद्दल स्तुती गाणाऱ्या कुणा विश्वासणाऱ्याला हे माहीत असण्याचे कारण नव्हते. नॉर्वेच्या सरकारी पेन्शन फंडाने २००७ मध्येच आपला पैसा काढून घेतला होता. चर्चने स्वतःचा माणूस ओडिशात पाठवून पाहणी केली आणि फेब्रुवारी २०१० मध्ये सगळे शेअर विकले. उशिरा का होईना, एका मंडळीने मळ्यातून पाय मागे घेतला. त्याच डोंगरांच्या पायथ्याशी बिस्समकटक येथे १९५४ पासून ख्रिस्ती इस्पितळ चालू आहे, एका डॅनिश डॉक्टरबाईने सुरू केलेले. मंडळी त्या खोऱ्यात औषध घेऊनही पोहोचली होती आणि शेअर घेऊनही, याचा विचार करताना मला अस्वस्थ व्हायला होते.

आपला वाटा कुठे आहे? घरातला कुकर, औषधाच्या गोळ्यांची चंदेरी पट्टी, पोळ्या गुंडाळायचा कागद हे सगळे अ‍ॅल्युमिनियमच. ते सोडून द्या असे मी म्हणणार नाही, मीही वापरतो. भंगारातले अ‍ॅल्युमिनियम वितळवून पुन्हा वापरायला नव्या धातूच्या मानाने ५ टक्क्यांच्या आसपास ऊर्जा पुरते, त्यामुळे भंगारवाला बिचारा आपल्यापेक्षा जास्त सृष्टीसेवा करतो. माझा मुद्दा संस्थेच्या पैशाचा आहे. आपल्या ट्रस्टच्या ठेवी कुठे आहेत, कोणत्या फंडात आहेत, हा प्रश्न वार्षिक सभेत कोणी विचारत नाही. जमाखर्चाचा कागद वाचून झाला की आपण चहाकडे वळतो. आणि देणगी? काही वर्षांपूर्वी आमच्या कामाच्या भागातल्या एका खडी क्रशरवाल्याने वसतिगृहाला बोअर मारून द्यायची तयारी दाखवली होती. पाण्याची गरज होतीच. कमिटीत दोन मते पडली. मग आम्ही क्रशरखालच्या पाड्यावर जाऊन बसलो. तिथल्या एका आजीने ऐकून घेतले आणि म्हणाली, "ताई-भाऊ, तुमच्या पोरांना पानी मिळंल, बरं होईल. पन आमचा झरा दुधावानी पांढरा झालाय, त्याचं बोलनं तुमी त्या शेटशी कराल का?" आम्ही ते बोलणे केले. बोअरचा विषय पुन्हा निघाला नाही. पुढच्या उन्हाळ्यात आपल्यातल्याच वाचकांच्या मदतीने पाण्याची सोय झाली. कंपनीचा पैसा कधीच घेऊ नये असे माझे मत नाही. पण ज्या खोऱ्यातून तो पैसा निघाला तिथल्या माणसांना विचारल्याशिवाय घेऊ नये, यावर मी ठाम आहे.

नियमगिरीची गोष्ट जुनी नाही असे वर म्हटले त्याचे कारण आता सांगतो. लांजीगढचा कारखाना बंद पडलेला नाही, बॉक्साईट दुसरीकडून येते. त्याच दोन जिल्ह्यांत सिजीमाळी नावाचा डोंगर आहे. त्यातल्या बॉक्साईटसाठी २०२३ मध्ये लिलाव झाला आणि तो त्याच कंपनीकडे गेला. तिथे ग्रामसभांनी खाणीला संमती दिल्याचे ठराव कागदोपत्री आहेत. गावकरी म्हणतात, अशा सभा झाल्याच नाहीत, सह्या-अंगठे खोटे आहेत. वाद अजून मिटलेला नाही आणि निकाल देणे आपले काम नव्हे. पण नियमगिरीनंतर ग्रामसभेची संमती लागते हे सगळ्यांना कळले आहे, आणि जी वस्तू लागते तिची नक्कल करण्याचा मोह ईजबेलेच्या काळापासून आहे.

आपल्या गडचिरोलीत सुरजागडच्या डोंगरावर माडिया गोंडांचा ठाकूरदेव आहे, जानेवारीत तिथे जत्रा भरते. त्याच डोंगरातून आज लोहखनिजाच्या गाड्या भरून जातात. तिथे गावागावांत दोन मते आहेत. कुणाला नोकरी मिळाली आहे, कुणाच्या शेतात लाल पाणी आले आहे. बाहेरून जाऊन त्यांच्या वतीने हो किंवा नाही म्हणणे हे आपले काम नाही. पण गावाला स्वतःचे उत्तर देता यावे, आणि दिलेले उत्तर कागदावर तसेच उतरावे, यासाठी आपण करू शकतो असे काम आहे. महाराष्ट्रात तेरा जिल्ह्यांत पेसा कायद्याखालचे अनुसूचित क्षेत्र आहे. आमचा अनुभव असा की बहुतेक पाड्यांवर ग्रामसभेच्या इतिवृत्ताची वही सभेनंतर कोणी पाहिलेलीच नसते. सह्या आधी घेतात, मजकूर नंतर भरतात. नेहमी वाईट हेतूने असे नाही, ग्रामसेवकाला उशीर झालेला असतो, अंधार पडलेला असतो. पण मोहर आधी आणि पत्र नंतर, ही सवय कुणाच्या उपयोगी पडते ते आपण वाचले.

म्हणून यंदा आपल्या देणग्यांतून पाड्यांवरच्या दहावी-बारावी झालेल्या मुलामुलींसाठी महिन्यातून एक दिवस वर्ग घेत आहोत. इतिवृत्त कसे वाचायचे, ठराव सभेत मोठ्याने आणि आपल्या बोलीत कसा वाचून दाखवायचा, कोरी जागा रेघ मारून कशी बंद करायची, प्रत कशी मागायची, सातबारा आणि वनहक्काचा दाखला कसा ताडून पाहायचा, एवढाच अभ्यासक्रम आहे. मुले हुशार आहेत, शिकवणारे कमी पडतात. आपल्या मंडळीत कोणी निवृत्त तलाठी, ग्रामसेवक किंवा वकील असतील आणि महिन्याचा एक शनिवार देऊ शकत असतील, तर त्यांचे नाव कार्यालयाला कळवावे. येण्याजाण्याचा खर्च संस्था देईल, जेवण पाड्यावर.